पर्सनलवर नको, चावडीवर विचार

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला कॉलेजच्या एका ज्युनियरचा मेसेज आला, "दादा, जागे आहात का, एक विचारायचं होतं, ग्रुपवर नको वाटलं म्हणून पर्सनलवर टाकतोय." पोरगा गेले दोन आठवडे एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा असलेल्या, प्रोजेक्टशी झटतोय, त्याच्या मशीनवर बिल्डच होत नाहीये, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाहीये, एरर येतोय, आणि त्या प्रोजेक्टच्या मेंटेनरला, म्हणजे तो सांभाळणाऱ्याला, त्याने आधी लिंक्डइनवर मेसेज केला, मग ट्विटरवर, मग कुठूनतरी ईमेल शोधून मेल, कुठूनच उत्तर नाही. मी विचारलं, अरे इश्यू उघडलास का, मेलिंग लिस्टवर टाकलंस का? (इश्यू म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी नोंदवलेली अडचण, आणि मेलिंग लिस्ट म्हणजे एक मेल टाकला की सगळ्या सभासदांना जाणारी जागा.) तर म्हणाला, "नाही ना दादा, तिथे सगळे बघतात."

हे 'सगळे बघतात' ऐकल्यापासून माझ्या डोक्यात चक्र सुरू आहे, म्हणून आज लिहायला बसलो. कारण पंधरा वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच म्हणालो असतो.

तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो, आणि नुकतंच लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं होतं. त्यात एका ॲपमध्ये मराठी नीट दिसायचं नाही. सगळं मराठी नाही, फक्त आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, दुसऱ्या, पुढाऱ्यांनी, दऱ्या यातला. तो र एकतर तुटायचा किंवा त्याच्या जागी साधा रफार यायचा, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या व्हायचा. हिंदीत हा र नाहीच, त्यामुळे हिंदीवाल्या कुणाच्या तो लक्षात येण्याचं कारण नव्हतं. मी ज्याचं नाव फाइलमध्ये वर दिसलं त्या माणसाला 'रिस्पेक्टेड सर' लिहून लांबलचक मेल पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं, की हे कृपया लिस्टवर पाठव, मी प्रवासात असतो, आणि हा त्रास तुझ्या एकट्याचा नसणार.

मला फार लागलं ते. वाटलं टाळतोय आपल्याला. चार दिवस मी काहीच केलं नाही. मग एकदाचा धीर करून लिस्टवर मेल टाकला, स्क्रीनशॉट जोडला, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, पण त्या मेंटेनरचं नाही, नेपाळी भाषेवर काम करणाऱ्या एका माणसाचं! नेपाळीत पण हा र आहे, गर्‍यो लिहायला लागतो, हे मला माहीतच नव्हतं. त्याने लिहिलं की आम्हाला पण त्रास होतो पण तुमच्यापेक्षा वेगळा. झालं होतं असं की हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन पद्धतीने लिहिता येतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत द्यायचा, आणि दुसरं म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. मी पहिल्या पद्धतीने टाइप करायचो, तो दुसऱ्या. मेंटेनरने माझा खाजगी मेल वाचून दुरुस्ती केली असती तर पहिली पद्धत नीट झाली असती आणि नेपाळीवाले तसेच राहिले असते, कदाचित अजूनच बिघडलं असतं. लिस्टवर गेलं म्हणून दोन्ही एकदम दुरुस्त झालं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळलीय की आपला प्रश्न कुणाच्या उपयोगाचा आहे हे आपल्याला आधी माहीत नसतं. ज्याला त्याची गरज आहे तो माणूस कदाचित काठमांडूत बसलाय, कदाचित अजून शाळेत आहे आणि सहा वर्षांनी गूगलवर तोच एरर शोधणार आहे. पर्सनलवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोघांच्या इनबॉक्समध्ये मरतं.

मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला चावडी म्हणतात, मला हे नाव फार आवडतं, कारण चावडीवर काय व्हायचं ते मी बघितलंय. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, तलाठी भाऊसाहेबांनी सातबाऱ्याचं चावडी वाचन केलं होतं, म्हणजे गट नंबर, खातेदारांची नावं, क्षेत्र, सगळं मोठ्याने वाचायचं आणि कुणाची हरकत असेल तर त्याने तिथेच सांगायची. आमची आत्या मागे बायकांत बसली होती, तिने मधेच उभं राहून सांगितलं की भाऊसाहेब, आमच्या काकीचं नाव राहिलंय. कागद कितीतरी जणांच्या हातातून गेला होता, कुणालाच दिसलं नव्हतं. मोठ्याने वाचलं तेव्हा सापडलं. कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्यांनी तपासणं, हे काय असतं असं कुणी विचारलं की मला आत्याच आठवते.

तर हे उघड्यावर बोलणं काही लोकांनी अगदी नियम करून ठेवलंय. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९९९ ची संस्था, त्यांच्यात एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं की जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. तुम्ही फोनवर बोला, चहा पिताना बोला, कॉन्फरन्सला भेटून बोला, काही हरकत नाही, पण ठरवायचं लिस्टवर. तिथे मत द्यायची पद्धत पण साधी आहे, +१ म्हणजे हो, -१ म्हणजे नाही, ० म्हणजे माझं काही म्हणणं नाही. आणि कोडमधल्या बदलाला -१ दिलं तर नुसतं नाही म्हणून चालत नाही, तांत्रिक कारण लिहावं लागतं, कारण नसेल तर तो नकार धरतच नाहीत. मतदान साधारण कमीत कमी ७२ तास उघडं ठेवतात. हे ७२ तास मला आधी उगाच वाटायचे, मग कळलं की जगात कुणाची रात्र चालू असते, कुणाचा शनिवार रविवार, कुणी दिवसा नोकरी करून रात्री हे करतो, या सगळ्यांपर्यंत गोष्ट पोचायला एवढा वेळ लागतोच. आणि छोट्या गोष्टींसाठी तर मत पण नको, 'मी असं असं करणार आहे' म्हणून सांगून टाकायचं, कुणी हरकत घेतली नाही तर करायचं. मौनं संमती, फक्त आधी सांगणं महत्त्वाचं.

आता याच्या उलट काय होतं ते पण सांगतो, आणि हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

मी एका कंपनीत होतो, नाव नको, तिथे आमच्या टीमने एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोड, ओपन सोर्स केली होती. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, सगळा कोड, लायसन्स, रीडमी, सगळं व्यवस्थित. पण आम्ही सहाही जण एकाच मजल्यावर बसायचो आणि सगळे निर्णय व्हायचे खाली टपरीवर, साडेचारच्या चहाला. कोड उघडा होता पण बोलणं बंद होतं. दुसऱ्या राज्यातला एक मुलगा, आम्ही कुणी त्याला कधी भेटलो नव्हतो, तो आमच्या प्लगइन सिस्टीमवर, म्हणजे बाहेरून जादा सुविधा जोडायच्या सोयीवर, काम करायला लागला. जवळपास तीन आठवडे त्याने रात्री बसून काम केलं, टेस्ट लिहिल्या, डॉक्युमेंटेशन लिहिलं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी विनंती, टाकली. आणि आम्ही ती प्लगइन सिस्टीम महिनाभर आधीच टपरीवर काढून टाकायची ठरवली होती. इश्यूमध्ये कुणी एक ओळ लिहिली नव्हती. मी पण नाही. मला माहीत होतं तो काम करतोय, मी त्याच्या दोन कमेंट वाचल्या होत्या, मला वाटलं कुणीतरी सांगेल. त्याने पुल रिक्वेस्ट बंद करताना एवढंच लिहिलं की आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. परत कधी आला नाही तो.

त्याच्यानंतर आम्ही टपरी बंद नाही केली, पण वर आलं की जो पहिला जागेवर बसेल त्याने इश्यूमध्ये लिहायचं असं ठरलं, काय बोललो, कोणाचं काय म्हणणं होतं, आणि शेवटी 'अजून पक्कं नाही, शुक्रवारपर्यंत कुणाला काही म्हणायचं असेल तर सांगा'. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटायचं हो. पण दोन महिन्यांत लक्षात आलं की लिहायला बसलं की आपलं आपल्यालाच कळतं की अरे हे तर आपण ठरवलंच नाही, नुसत्या माना डोलावल्या. टपरीवर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं व्हायचं, लिहिलेल्यात तसं होत नाही, आमच्यातली जी मुलगी चहाला फारशी यायचीच नाही तिचे मुद्दे सगळ्यात चांगले होते हे आम्हाला लिहायला लागल्यावर कळलं.

पण उघड्यावर बोललं की सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही, कारण तसं नसतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लिस्टवर, ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या स्लीप कमांडला अपूर्णांकातले सेकंद द्यावेत का यावर एवढा वाद पेटला की शेवटी तिथल्याच पॉल-हेनिंग कांप या डेव्हलपरने एक मेल लिहिला, सायकल शेडचा रंग कोणता असावा यावर लोक जेवढं भांडतात तेवढं अणुभट्टीच्या आराखड्यावर भांडत नाहीत, कारण शेडचं सगळ्यांनाच कळतं. त्यावरून बाइकशेडिंग हा शब्दच पडला प्रोग्रामर लोकांत. आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तर फारच जिव्हारी लागणारं आहे. २०१८ मध्ये पेप ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावर चर्चा झाली, म्हणजे ते := चिन्ह, वॉलरस म्हणतात त्याला, एका ओळीत किंमत ठेवायची पण आणि वापरायची पण. चिन्ह एवढंसं, पण मेलवर मेल, मेलवर मेल, लोक तेच तेच मुद्दे परत आणायचे, आणि शेवटी ते मंजूर झालं पण गिदो व्हान रोसमने १२ जुलै २०१८ ला सांगितलं की मी आता निर्णय देणाऱ्याच्या जागेवरून बाजूला होतोय, एका प्रस्तावासाठी एवढं भांडायचं आणि इतक्या लोकांचा रोष घ्यायचा हे परत नको. ज्या माणसाने भाषा बनवली त्याला उघड्या चर्चेने थकवलं. त्याचं ते पत्र वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो, पुढचा तासभर काही काम सुचलं नाही.

पण पुढचं पण सांगायला पाहिजे. त्याने जाताना नवा राजा नेमला नाही, तुम्हीच ठरवा म्हणाला. मग लोकांनी कारभार कसा चालावा याचे वेगवेगळे प्रस्ताव लिहिले, सगळे उघडे, कुणीही वाचावेत, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झालं आणि पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल आली. आज कुणाला वाटलं की पायथन असं का चालतं तर ते सगळे प्रस्ताव, हरलेले पण, वाचता येतात. मला हरलेले प्रस्ताव जपून ठेवायची ही पद्धत फार मोलाची वाटते. आपण काय निवडलं हे तर कोडमध्ये दिसतंच, काय निवडलं नाही आणि का, हे फक्त चर्चेत सापडतं.

सूर कसा असावा हा पण प्रश्न आहेच. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लिस्टवर लिनक्स सुरू करणारा लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलायचा, आणि चारचौघांत ऐकलेलं जास्त लागतं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच लिस्टवर माफी मागितली, काही दिवस रजेवर गेला, आणि त्याच सुमारास कर्नलला नवी आचारसंहिता आली. माफी पण जिथे बोलला तिथेच मागितली, हे मला बरोबर वाटतं.

आता एक्सझेडचं. हे प्रकरण मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा अस्वस्थ होतो. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून छोटी करायचं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि ते सांभाळायला एक माणूस, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्या लिस्टवर काही अनोळखी नावांनी मेल यायला लागले की काम हळू चाललंय, पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेले बदल, पडून आहेत, दुसऱ्या कुणाला तरी मेंटेनर करा. त्याने उत्तर दिलं, उघडपणे, की माझी मानसिक तब्येत बरेच दिवस ठीक नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे हे लक्षात घ्या. तरी टोचणं चालूच. आणि मदतीला जो आला, जिया टान नावाने, त्याच्या हातात हळूहळू रिलीजची किल्ली गेली, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं गेलं. मार्चच्या शेवटी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनियरने ते पकडलं, एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या साधनाने, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधता शोधता, आणि आधी काही जणांना खाजगीत कळवून २९ मार्चला त्याने ते ओएसएस-सिक्युरिटी या सुरक्षेच्या उघड्या लिस्टवर टाकलं. काही तासांत जगभरचे लोक जुने मेल उपसून बघायला लागले, कोण कधी आलं, कुणी कुणाला दुजोरा दिला, सगळी साखळी लोकांनी लावली, कारण सगळं लेखी होतं. आणि तो कोड चालू करणारा तुकडा कुठे होता? सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या साठ्यात, नव्हता, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडच्या गठ्ठ्यात, होता. जिथे कुणी बघत नाही नेमकं तिथे.

पण माझं मन अडतं ते २०२२ च्या मेलवर. ती लिस्ट उघडी होती. वाचणारे होते. एका थकलेल्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की मला झेपत नाहीये, आणि 'अहो त्यांना सांभाळून घ्या, मी दोन पॅच तपासून देतो' असं म्हणत कुणी ठामपणे त्याच्या बाजूला उभं राहिलेलं त्या धाग्यात मला दिसत नाही. चावडीवर माणसं नुसती बसून राहिली तर चावडीचा काय उपयोग. मी स्वतः आठ-दहा लिस्ट वाचतो आणि वर्षातून चारदा पण उत्तर देत नाही, हे त्या दिवशी मला फार टोचलं, आणि तेव्हापासून मी आठवड्यातून एक तास ठेवलाय, ज्या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही असा एक शोधायचा आणि माहीत आहे तेवढं लिहायचं.

सगळंच चव्हाट्यावर मांडायचं असं पण नाही. सुरक्षेची भोकं दुरुस्ती तयार होईपर्यंत झाकून ठेवावी लागतात. कुणाला कमिट करायचे, म्हणजे थेट कोडमध्ये बदल करायचे, अधिकार द्यायचे, कुणाचं वागणं चुकलं, हे माणसाबद्दलचं बोलणं अपाचेमध्ये पण बंद लिस्टवरच होतं, आणि ते योग्यच आहे, कुणाची लायकी काय हे जगासमोर मोजू नये. पण झाकायचं ते मोजक्या दिवसांसाठी, मोजक्या कारणासाठी. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या भोकांच्या वेळी हे झाकणं कित्येक महिने चाललं, जाहीर करायची तारीख होती ९ जानेवारी २०१८, पण कर्नलच्या लिस्टवर डिसेंबरमध्ये मेमरीच्या पानांची विभागणी करणारे पॅच इतक्या घाईने आत जायला लागले की नेहमी लिस्ट वाचणाऱ्यांना शंका आली. एवढा मोठा बदल, वेग कमी करणारा, आणि कुणी भांडत कसं नाही? शेवटी ३ जानेवारीलाच सगळं बाहेर आलं. ज्यांना रोज उघडं बोलायची सवय असते त्यांची शांतता पण ऐकू येते.

आता परत ज्युनियरकडे येतो. त्याच्याशी अजून थोडं बोलल्यावर खरं कारण बाहेर आलं, इंग्लिश. "दादा, माझं इंग्लिश बघून हसतील, आणि ते कायम तिथेच राहणार." ही भीती मला पूर्ण मान्य आहे, आपल्या मराठी मिडियमच्या पोरांमध्ये तर जास्तच. मी त्याला सांगितलं, लिनसची मातृभाषा स्वीडिश, गिदो डच. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतून त्या एकवीस वर्षांच्या लिनसने मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या जाहीर चर्चेच्या जागी, जेव्हा लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं काय नाही ते सांगा, तेव्हा ते पण परक्या भाषेतच लिहिलं, आणि सगळ्यांसमोर. लिस्टवर कुणी निबंध तपासत नाही रे. कुठलं व्हर्जन, काय टाइप केलं, काय यायला पाहिजे होतं, काय आलं. चार छोटी वाक्यं. एररचा फोटो काढून टाकू नकोस, अक्षरं कॉपी करून टाक, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. सर वगैरे नको, नुसतं हाय चालतं. आणि उत्तर मिळालं आणि सुटलं, तर कसं सुटलं ते त्याच ठिकाणी लिही, 'थँक्स सुटलं' एवढंच लिहून पळून जाऊ नकोस.

त्याने मला मसुदा पाठवला, मी दोन ठिकाणी फक्त व्हर्जन टाकायला सांगितलं, इंग्लिशला हात लावला नाही. शनिवारी रात्री त्याने इश्यू उघडला आणि मला लिंक पाठवली, खाली लिहिलं, "टाकला दादा, हात थरथरत होते."

आज सोमवार, अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. मी एरर नीट बघितला, मला वाटतं त्याच्याकडे एका लायब्ररीचं जुनं व्हर्जन आहे, पूर्ण खात्री नाही पण दिशा तीच असावी. व्हॉट्सॲपवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. हे लिहून झालं की त्याच्या इश्यूवर जाऊन तिथेच लिहितो.